परदेशी दिग्दर्शक व इंग्रजांचें बोलणें

परदेशच्या एकाद्या दिग्दर्शकानें इंग्लंडांतील जीवनावर बोलपट काढला, कीं त्यांतील पात्रांचें बोलणें कानास खटकतें, खरा इंग्रज असें बोलत नाहीं, अशी तक्रार तेथें पुष्कळदां ऐकूं येते. तक्रार कित्येक वेळां खरीही असते. पण तिचें कारण म्हणून दिग्दर्शकाच्या जन्मभूमीकडे बोट दाखविलें जातें, तें आम्हांस पटत नाहीं.

वुडी ॲलन हे न्यूयॉर्कचे. इंग्रजी ही त्यांची मातृभाषाच. तरी २००५ सालच्या 'मॅच पॉइंट' या त्यांच्या बोलपटांतील संवादांवर इंग्रज टीकाकारांनीं बरेच कोरडे ओढले. कथानक आधीं अमेरिकेंत घडावयाचें होतें, तें पुढें पैशाच्या सोयीसाठीं लंडनास आणलें. घरें बदललीं, माणसांच्या जिभा मात्र बदलल्या नाहींत. त्यांतील श्रीमंत कुटुंबांतलीं माणसें मनांत येईल तें सबंध वाक्यांत सांगून मोकळीं होतात. आमच्या समजुतीप्रमाणें त्या वर्गांतील इंग्रज मुख्य मुद्द्याच्या भोंवतीं भोंवतीं फिरतो, आणि अडचणीची गोष्ट निघाली कीं पाऊसपाण्याविषयीं बोलूं लागतो.

रॉबर्ट ऑल्टमन हेही अमेरिकनच. त्यांचा 'गॉस्फर्ड पार्क' (२००१) हा बोलपट १९३२ सालच्या इंग्लंडांत, एका जमीनदाराच्या वाड्यांत घडतो. पटकथा ज्युलियन फेलोज या इंग्रज लेखकाची; चित्रण चालू असतांही ऑल्टमन यांनीं त्यांस जवळ ठेवून घेतलें. पूर्वीं अशा वाड्यांत चाकरी केलेलीं माणसेंही सल्ल्यासाठीं बोलाविलीं होतीं. पाहुण्यांबरोबर आलेल्या चाकरांस खालच्या मजल्यावर स्वतःच्या नांवानें नव्हे, तर धन्याच्या नांवानें हांक मारीत, ही बारीक गोष्टही त्यांतून सुटलेली नाहीं. कोण कोणास काय म्हणतो, कोण कोणासमोर गप्प बसतो, यांत तो सारा समाज दिसतो; नुसत्या उच्चारानें हें साधत नाहीं. ऑल्टमन यांनीं नटांच्या अंगावर निरनिराळे मायक्रोफोन बसवून चौघांस एकदम बोलूं दिलें. कांहीं शब्द आपणांस ऐकूं येत नाहींत. तसे ते जेवणाच्या पंगतींतही येत नाहींत. गंमत अशी, कीं याच गोष्टींत एक अमेरिकन नट स्कॉटिश चाकराचें सोंग घेऊन येतो, आणि त्याची बोलीच त्यास दगा देते.

मिकेलान्जेलो अंतोनिओनी तर इटलीचे. 'ब्लो-अप' (१९६६) साठीं इंग्रजी संवादांचें काम त्यांनीं एडवर्ड बाँड या लंडनच्या, पंधराव्या वर्षींच शाळा सुटलेल्या नाटककाराकडून करून घेतलें. जेथें शब्दांवांचून भागतें तेथें शब्द घातलेच नाहींत; बागेंतील तो प्रसिद्ध प्रसंग बहुतांशीं पानांच्या सळसळीवर उभा आहे. तैवानचे अँग ली यांनीं १९९५ सालीं जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरून 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' काढला; पटकथा एमा थॉम्पसन या इंग्रज अभिनेत्रीची, व तीबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिकही मिळालें. ही भाषा आपणांस पुरती येत नाहीं हें ज्यास ठाऊक असतें, तो जाणत्याचा हात धरतो. ज्यास ती घरचीच वाटते, तो कोणास विचारीत नाहीं.

हात धरूनही नेहमीं साधतें असें नाहीं. फ्रान्सचे फ्राँस्वा त्रुफो यांनीं १९६६ सालीं 'फॅरनहाइट ४५१' इंग्लंडांत काढला. त्यांस इंग्रजी बेताचीच येई. संवाद मनासारखे उतरले नाहींत, आणि फ्रेंच आवृत्तीच त्यांस अधिक आवडे. आमचें मत येथें थोडें निराळें आहे : ज्या राज्यांत पुस्तकें जाळलीं जातात, तेथील माणसांची भाषा अशीच सपक व्हावयाची.

हें सर्व आम्ही येथें मांडतों, कारण इंग्रजी म्हणजे एकच एक शुद्ध उच्चार व तो आपल्या मुलाच्या तोंडीं बसावा, अशी पुष्कळ पालकांची इच्छा असते. ती वाईट नाहीं. परंतु लिव्हरपूलचा गोदी-कामगार आणि लंडनचा बॅरिस्टर एकसारखे बोलत नाहींत. आपल्याकडेही मालवणचा व नागपूरचा मनुष्य एकाच तऱ्हेचें मराठी कोठें बोलतो? म्हणून मुलांनो, बोलपट पाहतांना 'हा मनुष्य, या घरांत, या माणसाशीं असें बोलेल काय ?' हें विचारीत जा.

शेखर कपूर यांच्या 'एलिझाबेथ' (१९९८) या बोलपटासही हाच प्रश्न विचारून पाहावा. सोळाव्या शतकांतील राणीचा आवाज ऐकलेला कोणीच हयात नाहीं. राणीची भूमिका करणाऱ्या केट ब्लँचेट ऑस्ट्रेलियाच्या, दिग्दर्शक आपल्या देशाचे, पटकथा तेवढी मायकेल हर्स्ट या इंग्रजाची. बिशपांच्या सभेपुढें बोलतांना ती तरुण राणी अडखळते, थांबते, मधूनच थट्टा करून त्यांस हंसविते. आम्हांस तरी तेथें राणीच बोलत आहे असें वाटलें.