मजकुराचे तुकडे आणि आपली लिपी

कापड बेतल्यावांचून कात्री लावूं नये, हें शिंप्यास कोणी सांगावें लागत नाहीं. मजकूर कापणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंस मात्र याचा विसर पडतो, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वेबपृष्ठें रचण्याच्या कामीं जावास्क्रिप्ट ही भाषा योजितात. तींत ‘स्प्लिट’ नांवाची क्रिया असून, मजकूर कोठें तोडावा हें तिला रेग्युलर एक्स्प्रेशननें, म्हणजे चिन्हांनीं लिहिलेल्या नियमानें, सांगतां येतें. ‘आंबा, पेरू ;केळें’ या ओळींत स्वल्पविराम आहे, अर्धविराम आहे, मोकळी जागाही कमीअधिक आहे. तरी ‘दोहोंपैकीं एक विराम व त्याच्या भोंवतालची असेल तेवढी मोकळी जागा’ या एकाच नियमानें तिन्ही फळें वेगळीं होतात. या विद्येचा पाया स्टीफन क्लीनी या गणितज्ञानें १९५१ सालीं घातला व केन टॉम्प्सन यांनीं १९६८ सालीं ती मजकूर शोधण्याच्या कामास लाविली. तिची थोरवी आम्हांस मान्यच आहे.

परंतु शब्द वेगळे करण्यासाठीं ‘शब्दांत न येणाऱ्या चिन्हावर तोडा’ असा तयार संकेत सर्रास उतरून घेतात, तेथें घात होतो. जावास्क्रिप्टच्या या संकेतास इंग्रजी सव्वीस वर्ण, दहा इंग्रजी अंक व अधोरेषा एवढेंच शब्दांत येतें असें वाटतें. त्यास ‘मराठी’ हा शब्द दिला, तर सबंध शब्दच कापला जाऊन हातीं दोन रिकामे तुकडे येतात! २०१८ सालच्या आवृत्तींत सर्व लिप्यांचीं अक्षरें ओळखण्याची सोय झाली खरी. पण काना व वेलांटी यांचा वर्ग तेथें निराळा आहे. नुसतीं अक्षरें राखलीं, तर ‘मर’, ‘ठ’ व एक रिकामा तुकडा उरतो. दोन्ही वर्ग राखावे, तेव्हांच शब्द अखंड राहतो.

असा अनुभव आला कीं कित्येक जण ‘आपली लिपीच यंत्रास प्रतिकूल’ असें ठरवून आपलें नांवही रोमन लिपींत लिहूं लागतात. आम्हांस हें मुळींच पटत नाहीं. दोष लिपीचा नव्हे, न तपासतां घेतलेल्या उसन्या नियमाचा आहे.

यास्तव आमची विनंति एवढीच कीं, कोणताही नियम प्रथम आपल्या व आपल्या शेजाऱ्याच्या नांवावर चालवून पाहावा. ज्यांतून तीं नांवें धड बाहेर पडत नाहींत, तो नियम कितीही आंखूड व सुबक असो, टाकून द्यावा.