ऊब हवी, धूर नको

हिवाळ्यात मोखाडा तालुक्यातील पोशेरा गावासारख्या डोंगराळ भागात पहाटेचा गारठा हाडांपर्यंत पोहोचतो. इथल्या घरांत हीटर नाहीत, म्हणून उबेचे बिलही येत नाही. पण ऊब फुकट मिळत नाही. बायका ती डोक्यावर मोळी वाहून आणतात आणि छातीतल्या खोकल्याने तिची किंमत मोजतात.

गॅस आला की चूल विझेल, असे शहरात बसून वाटते. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे. पण गॅसवर भाकरी भाजते, घर तापत नाही. थंडीत माणसे चुलीभोवती बसतात ती अंग शेकायला. त्यांना अडाणी म्हणून काही साधणार नाही. तोच विस्तव कमी सरपणात आणि कमी धुरात कसा वापरायचा, हे सांगायला हवे.

पहिली गोष्ट सरपणाची. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. म्हणजे दहा किलोच्या ओल्या मोळीत पाच किलो पाणीच वाहून आणले जाते. चुलीत आधी ते पाणी आटते. त्यात उष्णता वाया जाते आणि धूर वाढतो. पावसाळ्याआधी तोडून आडोशाला रचलेले वाळके लाकूड कमी लागते. अंघोळीच्या पाण्यावर झाकण ठेवले, स्वयंपाक होताना वैलावर पाणी चढवले, तरी रोजची काही लाकडे वाचतात.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. बाळंतिणीच्या खोलीत दारे लावून शेगडी ठेवायची पद्धत अजून आहे. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेले माणूस झोपेतच बेशुद्ध होते. घरातल्या धुरामुळे पाच वर्षांखालील मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून झोपण्याआधी विस्तव घराबाहेर न्यावा किंवा पुरता विझवावा, आणि वरची एखादी फट उघडी ठेवावी.

मग बाळाला ऊब कशी द्यायची? आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून. डोक्याला टोपी, पायांत मोजे आणि दोघांवर एक गोधडी. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यातही हीच ‘कांगारू’ पद्धत वापरतात. तिला एक काडीही सरपण लागत नाही.

आशा कार्यकर्ती हिवाळ्यात घरी येते तेव्हा ती बाळाचे वजन बघते. तिने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: रात्री विस्तव कुठे असतो? आणि ज्या घरात पांघरूण पुरेसे नाही, तिथे उपदेशाच्या आधी घोंगडी पोहोचली पाहिजे. उबदार पांघरूण हेही औषधच आहे. सरकारी यादीत त्याला तसे स्थान मिळायला हवे.