रोजचे अपडाऊन, स्पोर्टी मोटार आणि आपली कंबर

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करायच्या वेळेला एक तरुण प्राध्यापक आले. राहायला नांदेडला, नोकरी भोकरला. वय चौतीस. तीन महिन्यांपूर्वी याच गृहस्थांना मी कंबरदुखीसाठी गोळ्या आणि व्यायाम लिहून दिले होते. या वेळी त्यांनी पिशवीतून एक्स-रेऐवजी मोटारींची तीन गुळगुळीत माहितीपत्रके काढून टेबलावर मांडली.

"सर, रोज अपडाऊन करायलो. बसमध्ये उभं राहून जीव जायलाय. गाडी घ्यायचं ठरलंय. यातली कोणती घेऊ?"

मी म्हणालो, "अहो, मी डॉक्टर आहे, मोटारींचा दलाल नाही."

"पण सर, कंबर तुम्हीच बघायलात ना? मग गाडीबी तुम्हीच बघा."

उत्तर बिनतोड होते. माहितीपत्रके उलटली तर तिन्ही गाड्या एकाच जातीच्या निघाल्या : व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हेर्ना. तिन्ही सेडान आणि तिन्ही टर्बो इंजिनाच्या. पहिल्या दोन १५० अश्वशक्तीच्या, तिसरी १६० ची. प्राध्यापक महाशयांनी अश्वशक्तीच्या आकड्याखाली लाल पेनने रेघ मारली होती. आसनाविषयी माहिती असलेल्या पानाला मात्र हातही लागलेला दिसला नाही. आजचा लेख त्या न वाचलेल्या पानाविषयी आहे.

भोकर ते नांदेड अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन शंभर. गावातली गर्दी धरून रोजचे दोन-अडीच तास मोटारीच्या आसनावर जातात. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर हा हिशेब पाचशे तासांच्या वर जातो, म्हणजे वर्षातले एकवीस-बावीस पूर्ण दिवस आणि रात्री. घरातल्या गादीची निवड आपण सगळ्या घरादाराला विचारून करतो आणि या आसनाची निवड रंग बघून! शिक्षक, बँकवाले, तलाठी, कोर्टातले कारकून, आमचे डॉक्टर बांधव, सगळेच या रस्त्याचे वारकरी. (कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे असा नियम आहे आणि घरभाड्याचे कागदही त्याप्रमाणे रंगवले जातात. तो विषय आरोग्याच्या सदरात नको.)

मी हे अनुभवाने लिहितो आहे. २००४ साली मी एक जुनी पण झोकदार सेडान विकत घेतली होती. गाडी खाली बसलेली, कडक आणि पळायला वाऱ्यासारखी. नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीपेक्षा माझाच अधिक होता. मागच्या खिशात जाडजूड पाकीट, आसन मागे कलंडलेले, पाय ताणून क्लचवर. सात-आठ महिन्यांत डाव्या पायात मुंग्या येऊ लागल्या. रोज चार रुग्णांना जे समजावून सांगतो ते स्वतःला सांगायला मला दोन महिने लागले. तपासणी केली तेव्हा कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली चकती सरकलेली होती. त्या वर्षीचा पोळा मी अंथरुणावरून पाहिला.

आता यामागचे शास्त्र थोडक्यात सांगतो. उभे राहण्यापेक्षा बसल्यावर कमरेच्या चकतीवरचा दाब वाढतो. स्वीडनमधील नॅकेमसन या शल्यविशारदाने १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून हा दाब मोजला होता. उभे असताना तो १०० धरला तर आधाराशिवाय बसल्यावर तो १४० च्या घरात जातो असे त्यातून दिसले. पाठ थोडी मागे टेकली आणि कमरेच्या खळग्याला आधार दिला की दाब पुष्कळ उतरतो. आणखी एक गोष्ट. आपल्या पाठीच्या कण्याला सेकंदाला चार ते सहा धक्क्यांचे कंपन सर्वांत बाधते. त्या गतीला कणा गाडीबरोबर नुसता हलत नाही, गाडीपेक्षा जास्त हलतो. देवळातली घंटा विशिष्ट लयीत ढकलली की जशी जास्त झोके घेते, तसेच हे. नरम स्प्रिंगची गाडी सेकंदाला एखादा हेलकावा देते. आपली चालही साधारण तेवढ्याच लयीची असते, म्हणून शरीराला तो हेलकावा परका वाटत नाही. स्प्रिंग आणि टायर कडक केले की खड्ड्यांचे बारीक हादरे गाळून न घेता तसेच आसनापर्यंत पोचतात.

'स्पोर्टी' या शब्दाचा वैद्यकीय अर्थ हा असा आहे. स्प्रिंग आखूड आणि कडक, टायर बुटके, आसन खाली. वळणावर गाडी डुलत नाही, हा त्याचा फायदा. तो मी नाकारत नाही. सीताखांडीच्या वळणांवर उंच जीपगाडी ज्या तऱ्हेने कलते, ते पाहता सेडान मला अधिक विश्वासाची वाटते. तिचा भार खाली असतो, ती सहसा उलटत नाही आणि मागे बसलेल्याला मळमळ कमी होते. तेव्हा "सेडान नको, उंच गाडी घ्या" असे सरसकट सांगणाऱ्यांपैकी मी नाही.

मात्र टायरवर लिहिलेला आकडा वाचायला शिका. २०५/५५ आर १६ असे लिहिलेले असेल तर टायरची रुंदी २०५ मिलीमीटर, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलीमीटर, आणि आतली रिंग १६ इंची. ही रबराची भिंत म्हणजे आपल्या कंबरेची पहिली उशी. काही हौशी तरुण नवी गाडी घेतल्याबरोबर नांदेडला नेऊन १७ इंची रिंग आणि ४५ आकड्याचे टायर बसवून आणतात. गाडी दिसते राजबिंडी, पण ती उशी ११३ वरून ९२ वर येते. दोन सेंटिमीटर रबर गेले की त्याचे काम कोणी तरी करावेच लागते. ते तुमची चकती करते. हवेचेही तसेच. पंक्चरवाला विचारतो, "चाळीस मारू का?" आणि आपण मान हलवतो. गाडीच्या दाराच्या चौकटीत हवेच्या दाबाची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावरचा आकडा सांगा.

टर्बो इंजिनाबद्दल मला आधी राग होता, तो थोडा कमी झाला आहे. ही इंजिने कमी फेऱ्यांवरच जोर देतात, त्यामुळे सारखे गिअर बदलावे लागत नाहीत आणि डाव्या गुडघ्याला आराम पडतो. ज्याला रोज वजिराबाद, आयटीआय चौक आणि वर्कशॉप कॉर्नर ओलांडून यायचे आहे, त्याने पैसे असतील तर स्वयंचलित गिअरची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चाळिशीनंतर डावा गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या मोटारवाल्यांत क्लचचे बळी मी बरेच पाहिले आहेत. सनरूफचे पैसे वाचवून ते यात घाला. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात छताला भोक कशासाठी हवे, हे मला अजून उमगलेले नाही.

हौसेला नाव ठेवण्याचा माझा हेतू नाही. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला २००१ पासून ऑक्टाविया जुळवली जाऊ लागली आणि २०१० साली तिथल्याच मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या. तेव्हा मराठवाड्याला चांगल्या मोटारीचे अप्रूप आहे आणि असावेही. भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. दीडशे अश्वशक्ती पायाखाली असली की सकाळी उशीर झालेला माणूस ती वापरतो.

साधे गणित करू. पन्नास किलोमीटर अंतर सरासरी सत्तरने कापले तर त्रेचाळीस मिनिटे लागतात, नव्वदने तेहेतीस. वाचली दहा मिनिटे. ताशी ऐंशीच्या वेगात अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे सत्तावन्न मीटर जातात, एकशे वीसच्या वेगात एकशे दहाच्या वर. आता डिसेंबरातली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. पुढे उसाची दोन ट्रॉल्यांची रांग, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत थेट डोळ्यांत. भोकरकडच्या रानात रोही आडवा येतो तो शिंग वाजवून येत नाही. अपघात विभागात मी उमेदवारी केली त्या काळात दहा मिनिटे वाचवायला निघालेली माणसे मी पाहिलेली आहेत. त्यातल्या एकाचे वडील मला अजून बाजारात भेटतात. नमस्कार करतात, बोलत नाहीत.

व्हर्टस आणि स्लाव्हियाला एप्रिल २०२३ मध्ये आणि व्हेर्नाला त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, ही चांगली गोष्ट. पण त्या चाचणीतली समोरासमोरची धडक ताशी ६४ किलोमीटरची असते आणि पुतळ्यांना पट्टे बांधलेले असतात, हे जाहिरात सांगत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. आणि पट्टा मागच्या बाकावरही हवा. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथराव मुंडे गेले, ते मोटारीच्या मागच्या बाकावर होते. मान आणि यकृत यांना आतून मार बसला होता. मागचा पट्टा लावलेला असता तर ते वाचू शकले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन यांनीच म्हटले होते. त्या दिवशी सारा मराठवाडा रडला. त्यानंतर मागच्या बाकावर पट्टा लावणारी माणसे आपल्या गावात किती वाढली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

तर मी प्राध्यापकांना काय सांगितले? आधी सांगितले की शोरूममध्ये पाच मिनिटे बसून गाडी ठरवू नका. तिथली फरशी गुळगुळीत असते. गाडी मागून घ्या आणि निदान तासभर चालवा. त्यात गावातला सर्वांत वाईट रस्ता आणि चार तरी गतिरोधक येऊ द्या. ज्या वेळी रोज परतता, त्या थकलेल्या वेळी चालवा. आसन वरखाली होत नसेल तर ती गाडी तिथेच सोडा. बसल्यावर मांड्या खाली आणि गुडघे वर, अशी उकिडवी अवस्था होता कामा नये. कंबर गुडघ्याच्या पातळीत किंवा किंचित वर हवी. पाठ अगदी काटकोनात नको आणि पलंगासारखी कलंडलेलीही नको. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. कमरेच्या खळग्याशी हात घालून बघा, पोकळी असेल तर टॉवेलची गुंडाळी ठेवा. खर्च शून्य. स्पोर्टी आसनांना दोन्ही बाजूंनी उंच कडा असतात, त्या आपल्यासारख्या भरलेल्या देहाच्या मांड्यांना रुततात, तेही तपासा. आणि पाकीट पुढच्या कप्प्यात!

उतरल्याबरोबर डिकीतून वीस किलोचे गव्हाचे पोते उचलू नका. तासभर बसल्यावर मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल पडलेले असतात. पाच मिनिटे चाला, मग उचला. पाय लुळा पडू लागला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर मालिशवाल्याकडे न जाता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. यात एक रात्रही दवडू नये.

शेवटी विचारले, "घरी कोण कोण?" पत्नी, लहान मुलगी आणि आई. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. मी म्हटले, "आधी आईला घेऊन जा. त्यांना बसवा आणि उतरवा. आधी पाठमोरे टेकायचे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. त्या उठताना दाराला लोंबकळल्या तर माहितीपत्रक मिटून टाका." जुन्या अ‍ॅम्बॅसडरला आपण कितीही हसलो तरी नऊवारीतली आजी तिच्यात खुर्चीवर बसावे तशी बसत असे.

जाता जाता हेही सांगितले की गाडी घेतली तरी आठवड्यातून दोन दिवस मुदखेड-आदिलाबाद मार्गावरची रेल्वे किंवा एसटी धरा. आगगाडीत माणूस उठून दोन पावले चालतो, चकतीला तेवढाच विसावा. यावर त्यांनी काही उत्तर दिले नाही. सहा लाखांचे कर्ज काढून रेल्वेने जायचे, हे त्यांना पटलेले दिसले नाही.

परवा पुन्हा आले. तिन्ही गाड्यांत आईला बसवून आणले होते म्हणे. एका गाडीतून उतरताना आई म्हणाल्या, "बाबा, ही गाडी हाय का विहीर?" तिचे माहितीपत्रक त्यांनी माझ्याच टोपलीत टाकले. उरलेल्या दोनांपैकी एक ठरत आली आहे. १६ इंची टायर, स्वयंचलित गिअर, आसन वरखाली होणारे. अश्वशक्ती तेवढीच ठेवली आहे. त्याबद्दल मी विचारले तेव्हा नुसते हसले. मी रक्तदाब मोजला, कंबर वाकवून पाहिली आणि फी घेतली नाही, कारण मोटारीच्या सल्ल्याची फी किती घ्यावी हे मला ठाऊक नव्हते.