भोंगा न वाजताही

इटलीतील तुरीन शहरात फियाट कंपनीचा मिराफियोरी हा प्रचंड कारखाना आहे. महायुद्धाच्या काळात तेथे हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा रोज सकाळी दहाला चाचणीसाठी वाजे. 5 मार्च 1943 रोजी त्याच भोंग्याला काम बंद करावयाचे, असे कामगारांनी गुपचूप ठरविले होते. व्यवस्थापनाला सुगावा लागला आणि त्या दिवशी भोंगा वाजविलाच गेला नाही, असे त्या संपाच्या हकीकतीत सांगतात. तरीही यंत्रे थांबली. फॅसिस्ट राजवटीत संप हा गुन्हा होता, मुसोलिनी सत्तेवर येऊन वीस वर्षे झाली होती, आणि कारखाने सैन्यासाठी राबत होते. मागणी महागाईपोटी एका महिन्याच्या वेतनाइतक्या रकमेची. पण तिच्या पोटात भाकरीची आणि शांततेची मागणी दडलेली होती. पाहता पाहता संपाचे लोण मिलानपर्यंत पोहोचले, एक लाखाहून अधिक कामगार त्यात उतरले, शेकडो पकडले गेले, आणि अखेर सरकारला काही सवलती द्याव्या लागल्या. 25 जुलै रोजी मुसोलिनी पदच्युत झाला. केवळ संपाने तो गेला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्याच महिन्यात दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या होत्या आणि राजाचीही कारस्थाने चालू होती. परंतु राजवटीच्या पायाखालची जमीन हलते आहे, हे प्रथम या कामगारांनी दाखवून दिले.

या प्रसंगाची आठवण येण्याचे कारण एक ध्वनिमुद्रिका. मिलानच्या ‘स्टॉर्मी सिक्स’ या रॉक वाद्यवृंदाने 1975 मध्ये ‘उन बिल्येत्तो देल त्राम’, म्हणजे ‘ट्रामचे एक तिकीट’, या नावाने ती काढली. ‘ला फाब्रिका’ (कारखाना) हे तिच्यातील गीत याच संपावर आहे. अर्धशतक उलटले तरी ती ऐकावी असे आम्हांस वाटते. युद्धविरोधी म्हणून मिरविणारी बहुतेक गाणी युद्धाला पूर किंवा भूकंप समजून रडतात. त्यांत मेलेले असतात, मारणारे नसतात. आणि युद्ध थांबविणारे तर नसतातच. या मुद्रिकेत तारखा आहेत, गावे आहेत, माणसांची नावे आहेत. 8 सप्टेंबर 1943 ही युद्धविराम जाहीर झाल्याची तारीख. दुसऱ्याच दिवशी राजा राजधानी सोडून पळाला, सैन्य वाऱ्यावर सोडले गेले आणि जर्मनांनी देश व्यापला. विंका हे तोस्कानाच्या डोंगरातील खेडे. ऑगस्ट 1944 मध्ये नाझी आणि त्यांचे इटालियन साथीदार यांनी तेथे दीडशेहून अधिक माणसे मारली. त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसेच अधिक. जानफ्रांको मातेई हा मिलानच्या पॉलिटेक्निकमधील रसायनशास्त्रज्ञ. रोममध्ये भूमिगतांसाठी तो स्फोटके तयार करी. पकडला गेल्यावर सहकाऱ्यांची नावे तोंडून निघू नयेत म्हणून त्याने कोठडीतच जीव दिला.

हे सारे 1975 मध्ये गावेसे वाटले ते केवळ मुक्तीला तीस वर्षे झाली म्हणून नव्हे. आदल्याच वर्षी, 28 मे 1974 रोजी, ब्रेशा शहरात फॅसिझमच्या निषेधासाठी भरलेल्या कामगार संघटनांच्या सभेत नवफॅसिस्टांनी ठेवलेल्या बाँबने आठ जणांचे बळी घेतले होते. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तो इतिहास संपलेला नव्हता.

मुद्रिकेतील पहिले गीत ‘स्तालिनग्रादो’. आमच्या परंपरेतील वाचक येथे अडखळेल, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच शहरावर अण्णा भाऊ साठे यांनी 1943 मध्ये पोवाडा रचला. तेव्हा कम्युनिस्ट पक्ष त्या लढाईला लोकयुद्ध म्हणून ‘चले जाव’पासून दूर राहिला होता, आणि समाजवादी भूमिगत होते किंवा तुरुंगात होते. त्या वादात आपल्या पूर्वसूरींची बाजू चुकली असे आम्ही मानत नाही. स्तालिनच्या राजवटीविषयीही आमचे मत बदललेले नाही. परंतु त्या रागापोटी आपल्यापैकी अनेकांनी तो पोवाडा कानाआड केला, ही मात्र चूक झाली. ज्या माणसांनी एकेका घरासाठी झुंज दिली त्यांचे मोल, शहराला कोणाचे नाव होते यावरून ठरत नाही.

संगीताविषयी अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. इतके जाणवते की, रॉक म्हटल्यावर जो विजेचा गडगडाट अपेक्षित असतो तो येथे फार थोडा; गिटार, व्हायोलिन, मँडोलिन आणि समूहस्वर यांवर भर आहे, त्यामुळे शब्द झाकोळत नाहीत. एक उणीव मात्र खटकते. गीतांच्या मथळ्यांत नावानिशी येणारे दोन्ही वीर पुरुष आहेत. त्या संपांत आणि प्रतिकारात स्त्रिया हजारोंनी होत्या. त्यांतील एकीच्याही नावाचे गीत येथे नाही.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत जवळचा. ही मुद्रिका कोणा बड्या कंपनीने काढली नाही. ‘लोर्केस्त्रा’ या संगीतकारांच्या सहकारी संस्थेने ती काढली, आणि या वाद्यवृंदाचे लोक त्या संस्थेचे संस्थापक होते. बाजाराने नाकारलेल्या पाच देशांतील पाच वाद्यवृंदांनी मार्च 1978 मध्ये लंडनला ‘रॉक इन ऑपोझिशन’ या नावाने एकत्र कार्यक्रम केला, त्यातही ते होते. सहकाराचे माहेरघर म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात ऊस, दूध आणि सूत यांच्या सहकारी संस्था झाल्या. शाहिरांनी स्वतःच्या मालकीची अशी संस्था उभारल्याचे आम्हांस आठवत नाही. गाणे चळवळीचे आणि त्यावरचा हक्क मात्र दुसऱ्याच कोणाचा, ही रीत आपण फार सहजपणे स्वीकारली.

सेवादलाच्या कलापथकांतून घडलेले कितीतरी कार्यकर्ते आजही गावोगाव आहेत. पुढच्या अभ्यासवर्गात युद्ध आणि शांतता या विषयावर व्याख्यान ठेवण्याऐवजी एक संध्याकाळ ‘ला फाब्रिका’ आणि अण्णा भाऊंचा पोवाडा लागोपाठ ऐकवावा, अशी आमची शाखांना सूचना आहे. इटालियन शब्दांचा मराठी अर्थ आधी वाचून दाखविला तर भाषेची अडचण पडणार नाही.