पुतळा चालतो, पाटी का चालत नाही?

राजहंसगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिला, तेव्हा त्याचे अनावरण एकदा नव्हे, दोनदा झाले. २ मार्च २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी ते केले आणि तीनच दिवसांनी, ५ मार्चला, त्या वेळी विरोधी बाकावर असलेल्या काँग्रेसने महाराष्ट्रातून आपले नेते बोलावून ते पुन्हा केले. मे महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, एवढे सांगितले म्हणजे या दुहेरी शिवभक्तीचा उलगडा व्हावा. सीमाभागातील मराठी माणसाच्या मतांना एवढा भाव आलेला पाहून आम्हाला त्या दिवसांत बरेही वाटले आणि हसूही आले.

आता पुतळा झाला, तेव्हा त्याच्याभोवती आणखी काही व्हावे, ही बोलणी ओघानेच आली. पुण्यात आंबेगावला शिवसृष्टी आहे, तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. मग आमच्याकडे का नको? गडावर उद्यान हवे, मावळ्यांची शिल्पे हवीत, बारा बलुतेदारांचे गाव हवे, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ हवा, खाली वाहनतळ आणि झुणकाभाकर केंद्र हवे, असे अनेकजण बोलून दाखवतात. सीमाभागाची मराठी संस्कृती एका जागी पाहायला मिळेल, पोराबाळांना इतिहास कळेल आणि चार माणसांच्या हाताला काम मिळेल, असे त्यामागचे म्हणणे. यातले काही खोटे नाही. अशा प्रकल्पाला आमचा विरोधही नाही. परंतु या गडाच्या पायथ्याशी जे गाव आहे, त्याचे नाव येळ्ळूर आहे आणि या गावाच्या बाबतीत काही गोष्टी विसरून चालणार नाही.

येळ्ळूरच्या वेशीवर कित्येक वर्षे एक फलक होता. त्यावर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ अशी अक्षरे होती. त्या फलकाने कोणाचा रस्ता अडवला नव्हता की कोणाचे डोके फोडले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमच्या इच्छेविरुद्ध जे घडले, त्याबद्दलची गावाची तक्रार त्यात होती, इतकेच. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देऊन तो हटवण्यात आला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तेव्हा पोलिसांनी तो पुन्हा पाडला आणि २७ जुलै रोजी घराघरांत शिरून जी लाठी चालवली, तिचे वळ बायका-म्हाताऱ्यांच्या अंगावर दूरचित्रवाणीने साऱ्या देशाला दाखवले. त्याच गावाच्या डोक्यावर, त्याच राज्याच्या शासनाने, नऊ वर्षांच्या आत पुतळा उभारला.

म्हणजे पुतळा चालतो, पाटी चालत नाही. ही गंमत नीट समजून घेतली पाहिजे, कारण होऊ घातलेल्या कोणत्याही ‘सृष्टी’चे भवितव्य तिच्यात आहे. पुतळा बोलत नाही. त्याला कोणती भाषा येते, हे कळायला मार्ग नाही. तो कोणालाही चालतो, ज्याचे राज्य त्याला तर फारच चालतो. पाटी मात्र वाचावी लागते, आणि वाचली की ती कोणाची हे लगेच कळते. शासनाला आमचा शिवाजी परवडतो, कारण तो गप्प राहतो. आमचा सातबारा मराठीत मागणारा शेतकरी परवडत नाही.

सातबारा हा शब्द आम्ही सवयीने वापरला, आमच्याकडे त्याला उतारा म्हणतात. २००० सालानंतर ‘भूमी’ योजनेत जमिनीची कागदपत्रे संगणकावर गेली आणि हस्तलिखित उतारे बंद झाले. आता बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी कुळंबी आपल्याच जमिनीचा कागद हातात घेऊन कोणाकडून तरी वाचून घेतो. ‘अक्का, ह्यात माझं नाव बरोबर आहे का बघ की,’ असे कचेरीच्या पायरीवर अनोळखी बाईला विचारणारा म्हातारा आम्ही पाहिला आहे. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक असलेल्या भागात महत्त्वाचे नियम, सूचना, परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत, हे १९६१ सालच्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेले आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हे राज्यघटनेच्या ३५० अ कलमात आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणूस पंधरा टक्क्यांहून किती अधिक आहे, हे सांगायला जनगणनेची गरज नाही, आठवड्याच्या बाजारात एक फेरी मारली तरी पुरे. तरीही मराठी परिपत्रकाची मागणी घेऊन जाणाऱ्यांना अर्ज, निवेदन, मोर्चा, गुन्हा दाखल, तारीख पे तारीख, हाच क्रम अनुभवावा लागतो. २०२४ साली तर कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक झाले. उरलेल्या चाळीस टक्क्यांत इंग्रजीने अंग आकसून घेतले, तर मराठीला उभे राहायला जागा!

तेव्हा गडावर उद्या संस्कृती-उद्यान झालेच, तर त्यातल्या पाट्या कोणत्या भाषेत असतील, हा आमचा पहिला प्रश्न आहे. मावळ्याच्या शिल्पाखाली काय लिहिणार? ध्वनिप्रकाशाच्या खेळात जिजाऊसाहेब बाळ शिवबाशी कोणत्या भाषेत बोलणार? हे थट्टेने विचारलेले नाही. कणेरी मठावरचे सिद्धगिरी म्युझियम आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. मोट, रहाट, सुतार, लोहार, न्हावी, पाटलाचा वाडा असे अख्खे गाव तिथे शिल्पांत उभे केले आहे आणि काम देखणे आहे. तसेच काम हावेरी जिल्ह्यात शिग्गावजवळ गोटगोडीच्या शिल्प-उद्यानात आहे. दोन्हीकडचा शेतकरी सारखाच, बैल सारखेच, चुलीपुढची बाई सारखीच. खालची पाटी झाकली, तर कोणता कुठला हे ओळखता यायचे नाही. सीमेच्या अलीकडचे नि पलीकडचे शेतकऱ्याचे जगणे एकच होते, हे त्यातून छान दिसते. पण माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याची ओळख पटते, ती सोय सिमेंटच्या माणसात नसते.

आमच्या भागाची मराठी ही पुण्याची मराठी नव्हे. तिच्यात कन्नडचा हेल आहे, ‘अक्का’, ‘अप्पा’, ‘काय की’, ‘व्हय की’ आहे. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांनी ती साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली आणि पुणे-मुंबईच्या वाचकाला त्या बोलीचे केवढे अप्रूप वाटले! इंदिरा संत दीर्घकाळ बेळगावातच राहिल्या. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. हा सगळा आमचा वारसा कागदाचा आणि जिभेचा आहे. त्याचे शिल्प करता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच कोणत्याही आराखड्यात तो बसत नाही.

खरे सांगायचे तर सीमाभागाचे संस्कृती-उद्यान आधीच आहे. ते दर हिवाळ्यात येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांत मांडवाखाली भरते. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पोरी डोक्यावर कलश घेतात, भजनी मंडळी टाळ कुटतात, आणि मग गावातला शेतकरी दिवसभर बसून कवी नि कथाकथनकार ऐकतो. महाराष्ट्रातल्या कितीशा खेड्यांत हे घडते? लोकवर्गणीतून चालणाऱ्या या ग्रामीण संमेलनांना सरकारी कोट्यवधी नको असतात, फक्त आडवे येऊ नये एवढेच हवे असते. पण जानेवारी २०२० मध्ये खानापूर तालुक्यातील इदलहोंडच्या संमेलनाला महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना पोलिसांनी मज्जाव केला. पुतळ्याच्या अनावरणाला मात्र महाराष्ट्रातले नेते आले तर वाटेवर कमानी उभ्या राहतात. हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आमच्या काही मित्रांचे म्हणणे असे, की शासन जे देते ते घ्यावे, पुढचे पुढे पाहू. याच न्यायाने आमच्यातल्या काहींनी भगवा झेंडा, पोवाडा आणि मिरवणुकीत मराठीपण साजरे करून घेतले आणि पोरांना मात्र इंग्रजी शाळेत घातले. सरकारी मराठी शाळांत शिक्षक कमी, म्हणून मुले कमी, आणि मुले कमी म्हणून शिक्षक कमी, या रहाटगाडग्यात शाळा बंद पडतात. शासनाला त्या बंद करायला फार कष्ट पडत नाहीत, अर्धे काम आम्हीच करून देतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा बेळगावातही पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांच्या घरी नातवंडे कोणत्या माध्यमात आहेत, हे विचारायचा प्रघात आपल्याकडे नाही.

दुसरीही एक बाजू आहे आणि तीही मांडली पाहिजे. बैलहोंगल तालुक्यात संगोळ्ळी येथे क्रांतिवीर रायण्णाच्या जीवनावर शिल्पवन झाले आहे. रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिले ते खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, आणि नंदगडच्या मराठी माणसालाही तो आपलाच वाटतो. असे असताना डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यापाठोपाठ बेळगावात अनगोळला रायण्णाच्या पुतळ्याची. दोन्ही वीर परकीय सत्तेशी लढले, आणि आम्ही त्यांना एकमेकांशी लढवतो. त्यांच्याकडे एक ‘सृष्टी’ झाली म्हणून आमच्याकडे दुसरी, ही चढाओढ जर मनात असेल, तर ती उद्याने नव्हेत, मोर्चेबंदी आहे.

त्यापेक्षा याच मातीतला इतिहास सांगा ना! १६७८ साली महाराज दक्षिणेतून परतत असताना मराठी फौजेने बैलहोंगलजवळच्या बेलवडीच्या गढीला वेढा घातला. तिथली राणी मल्लम्मा, बखरी तिला सावित्री म्हणतात, दिवसेंदिवस झुंजली. पुढे महाराजांनी तिला सन्मानाने वागवले, असे परंपरा सांगते. धारवाडजवळच्या यादवाड गावात महाराजांचे कोरीव शिल्प आहे आणि ते तिनेच करवून घेतले, असे मानतात. मराठी फौजेशी लढलेली कानडी राणी आणि तिने कोरवलेला मराठी राजा, अशी गोष्ट आंबेगावच्या शिवसृष्टीपेक्षा आमच्याच तोंडी शोभेल. ती मराठीतही सांगा, कन्नडमध्येही सांगा. पुण्याहून तयार साचे आणून मांडले, तर आमच्या गडावर पुण्याचा इतिहास दिसेल आणि पर्यटक आल्या पावली परत जाईल.

आणि जमिनीचे काय? येळ्ळूर, शहापूर, माजगाव, अनगोळचा पट्टा बेळगावी बासमतीचा. शिजणाऱ्या भाताचा वास गल्लीभर दरवळायचा, असे जुनी माणसे सांगतात. हलगा-मच्छे बायपासासाठी याच सुपीक शिवारावर यंत्रे आली, तेव्हा शेतकऱ्यांना रस्त्यावर आणि न्यायालयात जावे लागले. गडावर वाहनतळ, उपाहारगृहे, विश्रामधाम यांची स्वप्ने रंगवणाऱ्यांनी ती कोणाच्या शेतात उभी राहणार, हे आधी सांगावे. बासमतीचे शेत गेले आणि उद्यानात भात लावणाऱ्या बाईचे शिल्प आले, तर येळ्ळूरच्या शेतकऱ्याने त्या शिल्पासमोर तिकीट काढून उभे राहायचे काय? चांगळेश्वरीच्या यात्रेत जे कुस्तीचे मैदान भरते, ते पाहायला तिकडच्या नि इकडच्या मल्लांचे शौकीन मैलोन्‌मैल येतात. त्या मैदानाला पाणी, सावली आणि स्वच्छतागृहे दिली, तरी संस्कृतीचे बरेच काम होईल.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की असा प्रकल्प कोणाच्या मनात असेल, तर त्याचा आराखडा बेंगळूरच्या कार्यालयात शिजवून पायाभरणीच्या दिवशी आमच्यापुढे ठेवू नये. आधी तो मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत छापावा आणि येळ्ळूर, राजहंसगड नि भोवतालच्या गावांच्या ग्रामसभांपुढे ठेवावा. जमीन किती, कोणाची, मोबदला काय, नोकऱ्या कोणाला, पाट्या कोणत्या भाषांत, माहिती सांगणारा पोरगा कुठला, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. गावकऱ्यांना हरकती द्यायला पुरेशी मुदत हवी. आणि त्या हरकती मराठीत लिहिलेल्या आहेत, एवढ्याच कारणाने कोणत्याही कारकुनाने त्या टेबलावरून परत ढकलू नयेत.