रनर अंथरताना

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घरासाठी काहीतरी नवे घ्यावेसे वाटतेच. हल्ली पुष्कळ घरांत ‘रनर’ दिसतो. रनर म्हणजे दोन-अडीच फूट रुंद आणि सहा ते दहा फूट लांब अशी सतरंजीची पट्टी. पॅसेजमध्ये, पलंगाच्या कडेला, ओट्यासमोर ती छान शोभते.

आपल्या हैदराबादकरांना त्यासाठी लांब जायला नको. वरंगळच्या सतरंज्यांना २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हातमागावरची सुती सतरंजी दोन्ही बाजूंनी वापरता येते. एक बाजू मळली की उलटायची.

पण ती कुठे अंथरतो ते पाहायला हवे. जुन्या घरांतल्या खरबरीत शहाबादी फरशीवर सतरंजी सहसा सरकत नसे. आताच्या गुळगुळीत टाइल्सवर ती पायाखालून निसटते. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. रात्री दोन-तीनदा उठून बाथरूमला जातात. मुलगा म्हणाला, ‘‘आजीच्या वाटेत काही नको.’’ त्या म्हणाल्या, ‘‘अरे, थंडीत फरशीवर पाय ठेववत नाही!’’ दोघांचेही खरे होते.

शेवटी पट्टी अंथरली, पण नीट बंदोबस्त करून. खाली रबरी जाळी घातली, पट्टीपेक्षा सगळीकडून इंचभर लहान कापून. दोन्ही टोके दुहेरी चिकटपट्टीने फरशीला बसवली. दशांत पायाचा अंगठा अडकतो, म्हणून त्या आत दुमडून शिवून टाकल्या. पट्टी बाथरूमच्या दाराआधी दोन फुटांवरच संपवली, म्हणजे ओली होत नाही. रंग फरशीहून वेगळा, गडद घेतला आणि पॅसेजमध्ये रात्रीचा छोटा दिवा लावला. जाळीवर धूळ बसली की पकड सुटते, म्हणून महिन्यातून एकदा ती धुऊन पूर्ण वाळवते. मग पट्टी पुन्हा अंथरली की पायाने जोरात ढकलून पाहते.

ओट्यासमोर पाणी-तेल सांडतेच, तिथे घरी धुता येईल अशीच पट्टी घ्या. जिन्यावर सुटी पट्टी मुळीच नको. आणि घरात कुणी काठी किंवा वॉकर घेऊन चालत असेल, तर पॅसेज मोकळाच ठेवा. हौसेने आणलेली वरंगळची पट्टी दिवाणावर अंथरा, तिथेही ती तितकीच खुलते.