नवे ब्लेड, जुनी करवत

सलूनमध्ये गिऱ्हाईक बदलले की ब्लेड बदलते. नाही बदलले तर गिऱ्हाईकच खुर्चीवरून उठते. रस्त्याकडेच्या झाडाला उठून जाता येत नाही. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत रोगट झाडावर चाललेली करवत न पुसताच पुढच्या धडधाकट झाडावर चढली, तरी तक्रार कोण करणार? फ्रान्सने अशा हलगर्जीची किंमत मोजली आहे. कनाल द्यू मिदी या जागतिक वारसा ठरलेल्या कालव्याच्या काठाने सुमारे 42,000 प्लेन वृक्ष उभे होते. 2006 साली तिथे एक बुरशी आढळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती युरोपात उतरली, असे मानले जाते. सालीवरच्या जखमेतून शिरणारी ही बुरशी छाटणीच्या हत्यारांवरून, एकमेकांत गुंतलेल्या मुळांतून आणि कालव्याच्या पाण्यातून पसरते. सगळी रांग एकाच जातीची, त्यामुळे तिला वाटेत अडवणारे कुणी नव्हते. उपचारही नव्हता, हजारो झाडे तोडून जाळावी लागली.

आपल्याकडे कुठे आहे ती बुरशी, असे कुणी म्हणेल. मुंबईतले पर्जन्यवृक्ष गेल्या दशकात वठले, त्याचे खापर पिठ्या ढेकणावर फुटले, आणि ही कीड करवतीची वाट पाहत बसत नाही, हे खरेच. तिची पिल्ले वाऱ्याने उडतात, तिच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात. पण कीड लागलेल्या फांद्या छाटून पदपथावर टाकायच्या आणि सवडीने उघड्या ट्रकमधून शहरभर मिरवायच्या, ही प्रवासाची सोय माणसांची. फवारणी करावी, तर किडीच्या अंगावर मेणचट कवच आणि झाडाखाली वडापावची गाडी. शिवाय किडीला खाणारे ढालकिडेच त्यात आधी मरायचे.

हजारो झाडांच्या घाईत हत्यारे पुसत कोण बसेल, हा आक्षेप जास्त वजनाचा. त्यावर तोड साधी आहे: निरोगी झाडे आधी छाटावीत, आजारी शेवटी. राज्याच्या 1975 च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायचीच असते. त्याच यादीवरून हा क्रम लावता येईल. छाटणीच्या निविदेत स्पिरिटच्या बाटलीची आणि झाकलेल्या ट्रकची एक ओळ घालायला कायदादुरुस्तीही लागत नाही. अडचण एवढीच की स्पिरिटच्या बाटलीला फीत बांधून फोटो काढता येत नाही.